हर्लिंदाबाईंच्या घरची चोरी

सांता रोसालिया गावातल्या हर्लिंदाबाईंच्या लॉजमधून एकोणतीस वर्षांत काडीही चोरीला गेली नव्हती, आणि हेच बाईंचं दुःख होतं.

लॉजचं नाव 'ला कोन्फियान्सा'. म्हणजे विश्वास. हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं, त्याला बाईंचा इलाज नव्हता. बाकी सगळं त्यांच्या हातात होतं. सात खोल्या, मधे अंगण, अंगणात कपडे धुवायचा दगडी हौद आणि एक लिंबाचं झाड. प्रत्येक खोलीची किल्ली हातभर लांब ओंडक्याला बांधलेली. खिशात घालून कुणाला गाव सोडायची सोय नाही. न्हाणीघरात साबण दोरीला टांगलेला. टॉवेलांवर लाल दोऱ्यानं आकडे भरलेले, दोन ते बावीस. एक नंबरचा टॉवेल नव्हता, त्याची हकीकत पुढे येईलच. पाहुणा निघाला की बाई त्याला अंगणात उभं करत, त्याच्यादेखत टॉवेल, चादर, उशी, ग्लास मोजून घेत, आणि सगळं भरलं तरच 'देव तुमच्यासोबत असो' म्हणत. बसचे ड्रायव्हर, औषधांचे फिरते विक्रेते, बाजाराला येणारे कापडवाले असे लोक तिथे उतरत. चादरी गावात सगळ्यांत स्वच्छ आणि घेवडा सगळ्यांत चविष्ट, म्हणून ते मुकाट मोजणी सोसत.

रस्त्याच्या दारातून आत येतानाच्या बोळात भिंतीवर एकोणीस नियमांचा तक्ता होता. त्यातला नववा नियम असा: 'मौल्यवान वस्तू उघड्यावर ठेवू नये. चोरी कोणीही, केव्हाही करू शकतो.'

बाईंचे यजमान रुबेलिओ म्हणजे गरीब गाय. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, त्यांनी घरात तीनदा आवाज चढवला असेल, त्यातला दोनदा रेडिओचा.

आता चोरी न होणं हे दुःख कसं, ते सांगायला हवं. आमच्याकडे नाताळात घरोघर गोठा मांडतात. मॉस, रंगवलेला लाकडाचा भुसा, मेंढ्या, गाढव, आणि मधे गव्हाणीत लाकडी बाळ येशू. तिथून दोन फेब्रुवारीच्या कान्देलारियाच्या सणापर्यंत घरच्यांनी ते बाळ राखायचं आणि गावकऱ्यांनी ते पळवायचं. पळवणारा बाळाला आपल्या घरी नेऊन ठेवतो, नवं अंगडं शिवतो, आणि सणाच्या दिवशी मारिंबा, म्हणजे आमचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजवत, फटाके उडवत परत आणून देतो. घरवाल्यांनी चोरांना केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल खाऊ घालायचे, आणि त्या दिवसापासून चोर न् घरवाले एकमेकांचे सोयरे. मग लग्नाला ते राबतात, आजारपणात पेज घेऊन येतात, मेल्यावर खांदा देतात. बाळ कुणाचं जातं? ज्याच्या घरात लोक हक्कानं घुसतात त्याचं. औषधाच्या दुकानवाल्या आर्हेंतिनाबाई तर दर जानेवारीत बाजारात उसासे टाकत, "यंदा तीनदा गेलं हो माझं! जीव मेटाकुटीला आला नुसता!" आणि हे त्या अशा सुरात सांगत की मुलगा डॉक्टर झाल्याची बातमी द्यावी.

हर्लिंदाबाईंचं बाळ काही जात नव्हतं. रुबेलिओंच्या आजीच्या वेळचं सुरेख कोरीव बाळ, उजव्या हाताची करंगळी तेवढी तुटलेली. ते चोवीस डिसेंबरला गव्हाणीत निजे आणि तीन फेब्रुवारीला न हलता कपाटात परत जाई.

दोष गावाचा नव्हता. बाई मूळच्या किनाऱ्यावरच्या केळीच्या मळ्यांतल्या. तिथल्या मजुरांच्या चाळीत दहा गावांचे लोक, दोरीवरचा परकर नजरेआड झाला की गेलाच. अशा ठिकाणी लहानाची मोठी झालेली, बापाच्या चपलाही उशाखाली घेऊन झोपलेली ही मुलगी एकतिसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या गावात आली. पहिल्याच जानेवारीत रुबेलिओ गाद्या आणायला राजधानीला गेले आणि बायकोला गावची ही रीत सांगायची राहून गेली. त्या शनिवारी भर दुपारी मारिंबा वाजवणारे कान्दिदोमास्तर लॉजवर आले. टोपी काढून नमस्कार केला, नव्या वहिनींकडे पाणी मागितलं. वहिनी पाणी आणायला वळल्या तशी मास्तरांनी बाळ टोपीखाली घातलं आणि टोपी डोक्यावर.

बाईंनी खिडकीतून पाहिलं. 'चोर, चोर' करत त्या अनवाणी धावल्या. बागेपाशी पोलिसांनी मास्तरांना अडवलं, तेव्हा मास्तर हसत होते, पोलीस हसत होते, बाजार हसत होता. एकट्या बाई हसत नव्हत्या. फौजदारानं परोपरीनं समजावलं की ही इथली रीत आहे. बाईंची खात्री पटली की ह्या गावातले पोलीसच चोराला सामील आहेत. त्या चौकीच्या बाकावर ठाण मांडून बसल्या आणि म्हणाल्या, "लेखी तक्रार घ्या, नाहीतर मी इथून उठत नाही." संध्याकाळ झाली तरी उठेनात, तेव्हा फौजदारानं नाइलाजानं तक्रार घेतली आणि मास्तरांना आत टाकलं. मुद्देमाल म्हणून बाळही आत. न्यायाधीश गुरांच्या बाजाराला गेलेले, ते सोमवारी उगवले. मास्तरांनी दोन रात्री कोठडीत काढल्या. जानेवारीतली आमच्या डोंगरातली थंडी, दुसऱ्या रात्री बाईंनी शिपायाबरोबर एक नवाकोरा टॉवेल धाडला आणि बजावलं, "बाळासाठी आहे हो. चोरासाठी नाही." तोच तो एक नंबरचा टॉवेल.

सोमवारी रुबेलिओ परतले. बसथांब्यावरच त्यांना सगळं कळलं आणि ते आणलेल्या गाद्यांवरच डोकं धरून बसले. घरी येऊन त्यांनी बायकोला रीत सांगितली. बाईंना चूक कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पण कबूल करायला तोंड उघडेना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता महिना गेला, मग वर्ष गेलं, मग कशाला उकरून काढायचं असं झालं. मास्तर सुटले ते त्या गल्लीत पुन्हा शिरले नाहीत. आणि गावानं धडा घेतला तो पक्का. 'ला कोन्फियान्सा'त गेलं की हात खिशाबाहेर.

इतकी वर्षं बाईंनी ह्या गोष्टीचा बाऊ केला नाही. पण गेल्या नोव्हेंबरात पित्ताशयाच्या खड्यानं त्या अकरा दिवस अंथरुणाला खिळल्या. मुलगी राजधानीत नोकरीला, तिचा रोज फोन. रुबेलिओ बिचारे करपलेली पेज करून घालत. गावातलं एक माणूस दारात आलं नाही. खोलीच्या दारावर टकटक झाली की बाई उशीवर सावरून बसत, केस नीट करत, आणि दार उघडून एखादा औषधविक्रेता विचारी, "बाई, टॉवेल कुठे ठेवू? मोजून घेताय ना?"

अकराव्या दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी मेले तर मला उचलणार कोण?"

रुबेलिओंनी विचार केला. "मी आहे. आणि पाहुणे असतील त्या दिवशीचे."

"त्यांना दुपारी बाराच्या आत खोली सोडायची असते," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी ठरवलं, यंदा काय वाटेल ते होवो, बाळ चोरीला गेलंच पाहिजे.

आणि बाई एकदा मनावर घेत तेव्हा नीट घेत. गोठा दरवर्षी आतल्या दिवाणखान्यात असे, तो यंदा रस्त्याच्या दाराशी, बोळात मांडला. सहा जानेवारीला त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना फळांचा गरम पोंचे प्यायला बोलावलं. आर्हेंतिनाबाई आल्या, पाववाला त्रान्सितो आला, आणखी सातआठ जण आले. कुतूहल आणि भीती ह्यांत कुतूहल वरचढ ठरलं होतं. सगळ्यांच्या हाती ग्लास दिल्यावर बाई मोठ्यानं म्हणाल्या, "बसा हं तुम्ही. मला चुलीवरचा घेवडा बघायचाय. वेळ लागेल. बराच वेळ लागेल."

त्या स्वयंपाकघरात घड्याळासमोर वीस मिनिटं उभ्या राहिल्या. घेवडा सकाळीच शिजला होता. परत आल्या तर पाहुणे जिथल्या तिथे, सगळ्यांचे हात गुडघ्यांवर, दिसतील असे. त्रान्सितोनं तर खुर्ची फिरवून गोठ्याकडे पाठ केली होती.

"हे काय, असे का बसलात?" बाईंनी विचारलं.

"मी पाहिलंसुद्धा नाही हो तिकडे," तो म्हणाला. "ह्यांना विचारा."

निघताना आर्हेंतिनाबाई दारात थांबल्या. "हर्लिंदाबाई, एकदा मोजून घ्या हो. मेंढ्या सात, गाढव एक, बाळ एक. मागाहून भानगड नको."

त्यानंतर बाईंनी दिवसभर रस्त्याचं दार सताड उघडं टाकायला सुरुवात केली. पण त्या महिन्यात लॉजवर एक पाहुणा उतरला होता, हेनिंगसाहेब म्हणून. डेन्मार्कचा, साडेसहा फूट उंच, रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेला. सायकलवर जग बघायला निघाला होता आणि सायकलचा कसलासा भाग राजधानीहून यायची वाट बघत पाच आठवडे अडकून पडला होता. लॉजच्या इतिहासात एकोणीसच्या एकोणीस नियम वाचणारा हा पहिला माणूस. त्याला ते फार आवडले. त्यानं ते उतरवून घेतले. बाईंचाही त्याच्यावर जीव होता, कारण तो टॉवेल स्वतः घडी करून आकडा वर येईल असा आणून देई.

दार उघडं टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हेनिंगसाहेब बाळाला दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"बाईसाहेब," ते पुस्तकातून शिकलेल्या भाषेत म्हणाले, "नियम क्रमांक नऊ. दार उघडे होते. ही मूर्ती कोणीही नेऊ शकला असता."

बाईंनी दातओठ खाऊन आभार मानले आणि बाळ परत ठेवलं. तिसऱ्या दिवशी हेनिंगसाहेब पुन्हा हजर. चौथ्या दिवशी त्यांनी बाळाच्या कमरेला सुतळी बांधून ती गाढवाच्या पायाला गुंडाळली होती.

"अहो, त्याला सांगा ना काहीतरी!" बाई नवऱ्यावर करवादल्या.

"काय सांगू? नियम तुझेच आहेत," रुबेलिओ म्हणाले. मग जवळ येऊन म्हणाले, "असं करू का? मीच नेतो बाळ. परसातल्या खोलीत ठेवतो, सणाला घेऊन येतो."

"स्वतःच्या घरी चोरी करणाऱ्याला नवरा म्हणतात. त्यात कसलं कौतुक?" बाई म्हणाल्या. पण बोलताना आवाज जरा मऊ झाला. हा माणूस बिचारा टोपीखाली बाळ घालून स्वतःच्याच अंगणातून पळेल, हे त्यांना डोळ्यांपुढे दिसलं.

कान्देलारियाला सहा दिवस उरले तेव्हा बाईंच्या मनानं घेतलं की घोडं अडलंय ते त्या जुन्या तक्रारीपाशी. कागद आहे तोवर गाव भिणार. तर कागद काढून टाकायचा. माफी मागणं त्यांना जमत नव्हतं, पण अर्ज करणं जमत होतं. चांगली इस्त्रीची ओढणी घेऊन त्या चौकीवर गेल्या.

नवा फौजदार पंचविशीतला होता. "तक्रार कधीची?" त्यानं विचारलं, आणि साल ऐकल्यावर म्हणाला, "बाई, तेव्हा माझ्या आईचं लग्न व्हायचं होतं."

तासभर शोधाशोध झाली. गठ्ठा अखेर डगमगत्या कपाटाच्या पायाखाली सापडला. फौजदारानं तक्रार मोठ्यानं वाचली, "बाळ एक, लाकडी, करंगळी नसलेले, किंमत सांगता येत नाही." त्याच वेळी त्रान्सितो चौकीला पाव द्यायला आला होता, तो पाव हातात धरून तसाच ऐकत राहिला.

"मागे घेता येईल," फौजदार म्हणाला. "पण आरोपीची सही लागेल. त्यालाही मान्य पाहिजे ना."

"सही तुम्ही नाही का आणणार?"

"मी?" फौजदार म्हणाला. "मी ह्यात पडत नाही. आमच्या साहेबांनी बदली होऊन जाताना दोनच गोष्टींपासून लांब राहायला सांगितलं होतं. एक पंपाची खोली, तिथे विजेचा झटका बसतो, आणि दुसऱ्या तुम्ही."

बाई कागद घेऊन कान्दिदोमास्तरांकडे निघाल्या. चालताना गुडघा दुखत होता. मास्तर आता एक्क्याऐंशीचे. ओसरीवर बसून ते मारिंबाची पट्टी रंधत होते. बाईंना फाटकात बघून त्यांनी रंधा खाली ठेवला.

"अरे देवा," ते म्हणाले. "काय गेलं?"

"काही गेलं नाही."

"मग पोलीस मागून येतायत का?"

"पोलीस नाहीत. कागद आणलाय."

मास्तरांनी कागद हात लांब करून वाचला, मग चष्मा लावून पुन्हा वाचला. "अक्षर किती देखणं होतं हो तुमचं. रागातसुद्धा."

"खाली सही करा मास्तर, म्हणजे संपलं."

"काय संपलं?"

"प्रकरण. मी तक्रार मागे घेतली. म्हणजे चोरी झालीच नाही असं होईल."

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "नाही करत सही."

"का?"

"का म्हणजे? चोरी झाली, बाई. मी केली. दिवसाढवळ्या, टोपीखाली घालून. अख्ख्या गावात तुमच्या घरी चोरी केलेला मी एकटा माणूस आहे, नातवंडं सांगत फिरतात. पण ती अर्धी राहिली. वाजतगाजत बाळ परत आणायचं असतं. ते तुम्ही सोमवारी फौजदाराकडून सही करून घेऊन गेलात. मी नवी चाल बसवली होती त्या सणासाठी, ती तशीच राहिली. आणि आता म्हणताय चोरी झालीच नाही? मग दोन रात्री मी तिथं गारठत काय करत होतो?"

इथे बोलायला हवं होतं. शब्द दातांपर्यंत आले. पण बाईंच्या तोंडून निघालं ते भलतंच. "टॉवेल पाठवला होता मी."

"बाळासाठी," मास्तर म्हणाले. "शिपायानं बजावून सांगितलं होतं."

बाई कागद तिथेच टाकून परतल्या. वाटेत आर्हेंतिनाबाईंच्या दुकानाच्या दारात चौघीजणी उभ्या होत्या, त्या बाईंना बघून एकदम डोकेदुखीच्या गोळ्यांबद्दल बोलायला लागल्या. घरी आल्यावर बाईंनी रस्त्याचं दार लावून घेतलं आणि नवऱ्याला सांगितलं की यंदा तामाल करायचे नाहीत. दोघांपुरते कोण करत बसतो?

एक फेब्रुवारीला बाजाराचा दिवस होता. दुपारी बारा वाजता बाई चुलीपाशी होत्या, रुबेलिओ हौदाची तोटी दुरुस्त करत होते, आणि हेनिंगसाहेबांचा तो सायकलचा भाग एकदाचा आल्यामुळे ते बोळात सायकल उलटी करून बसले होते. रस्त्याचं दार त्यांनीच उजेडासाठी उघडलं होतं, आणि मग हातांचं ग्रीस धुवायला ते मागे गेले. थोड्या वेळानं पुढून आरडाओरडा ऐकू आला, मग पळापळ, मग शांतता. बाईंनी पळी खाली ठेवली. तेवढ्यात हेनिंगसाहेब आत शिरले. चेहरा लालबुंद, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात एक जुनी टोपी.

"बाईसाहेब! चोर पकडला!" ते धापा टाकत म्हणाले. "वृद्ध आहे, पण चपळ. दोन रस्ते पळाला. मूर्ती सुरक्षित आहे. टोपीही जप्त केली."

बाईंनी टोपी ओळखली.

"कुठे... कुठे आहेत ते?"

"बागेत, बाकावर बसला आहे. अगदी पोलीस चौकीसमोर." हेनिंगसाहेब अभिमानानं हसले. "सोयीचे पडेल."

"अहो मेल्या माणसा!" बाई किंचाळल्या. एकोणतीस वर्षांत पाहुण्याला त्या पहिल्यांदाच असं बोलल्या. त्यांनी बाळ आणि टोपी दोन्ही हिसकावलं, आणि पीठ लागलेल्या एप्रनसकट, दुखऱ्या गुडघ्यासकट रस्त्यावर धाव घेतली.

बाजारानं त्यांना येताना पाहिलं. हातात बाळ, केस सुटलेले, तोंड बागेकडे. एवढं बघून सगळ्यांनी एकच अर्थ काढला. "चालली! परत चौकीवर चालली!" कुणीतरी ओरडलं. टोमॅटोच्या टोपल्या बाजूला झाल्या. आर्हेंतिनाबाईंनी दुकानाची फळी खाली ओढली आणि फटीतून बघू लागल्या. त्रान्सितो पिठाच्या हातांनी बाईंच्या बरोबरीनं धावत विनवू लागला, "बाई, ऐका, म्हातारा माणूस आहे! तेव्हा दोन रात्री निघाल्या, आता नाही निघायच्या!" चौकीच्या दारात संत्रं सोलत उभ्या असलेल्या फौजदारानं बाईंना पाहिलं, संत्र्यासकट आत गेला आणि दार लावून घेतलं.

कान्दिदोमास्तर बाकावर बसले होते. बोडकं डोकं, घामानं निथळलेले. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या तसे त्यांनी दोन्ही मनगटं जोडून पुढे केली.

"चला," ते म्हणाले. "पण ह्या खेपेला टॉवेल दोन पाठवा."

बाईंना दम लागला होता. त्यांनी वाकून बाळ मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. टोपी त्यांच्या डोक्यावर घातली, ती उलटी बसली.

"मास्तर, माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

अख्खा बाजार चिडीचूप झाला. कोंबडीवाल्यानं तर कोंबडीच्या तोंडावर हात ठेवला.

"तेव्हा चुकलं. मला इथली रीत माहीत नव्हती. आणि कळली तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, ते त्याहून जास्त चुकलं. आज चुकलं ते त्या पाहुण्याचं. त्याला माफ करा, तो नियम वाचतो." आता थांबायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं. "हे घ्या आणि न्या. चोरा आणि न्या, मास्तर. मी बघत नाही."

असं म्हणून त्यांनी बाकाकडे पाठ फिरवली, चर्चकडे तोंड केलं, आणि भर बाजारात डोळे घट्ट मिटून उभ्या राहिल्या. जन्मभर ज्या बाईनं साबणाच्या वडीवरून नजर हलवली नाही ती डोळे मिटून उभी होती, आणि मागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. बाक करकरल्याचा आवाज आला. मग पावलं. मग काहीच नाही.

त्यांनी वळून पाहिलं तेव्हा बाक रिकामा होता. आणि शेदीडशे माणसं, एकजात सगळी, कुणी आकाशाकडे, कुणी बुटांकडे, कुणी टोमॅटोकडे बघत होती. कुणीच काही पाहिलेलं नव्हतं.

दुकानाची फळी वर गेली. "अगं बाई, हर्लिंदाबाई!" आर्हेंतिनाबाईंनी हात गालाला लावला. "काय झालं हो?"

बाईंनी मोठा श्वास घेतला. "चोर!" त्या ओरडल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "चोर, चोर! माझं बाळ नेलं हो!"

"कुणी?"

"ते कळलं असतं तर काय हवं होतं!"

"मेले कुठले," आर्हेंतिनाबाई म्हणाल्या. "काही घर म्हणून सोडत नाहीत. बरं, आता मक्याचं पीठ किती भिजवणार आहात? एकट्यानं व्हायचं नाही ते, मी येते."

त्या संध्याकाळी 'ला कोन्फियान्सा'च्या स्वयंपाकघरात सहा बायका केळीची पानं पुसत बसल्या होत्या. त्यांनी सगळी भांडी भलत्या जागी ठेवली आणि बाईंच्या घेवड्यात मीठ कमी आहे असं तोंडावर सांगितलं. हेनिंगसाहेबांना कुणीतरी सगळी रीत समजावून सांगितली. ते म्हणाले की रेल्वेत अशी तरतूद नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मारिंबा गल्लीत शिरली. चौघं ती उचलून आणत होते, पुढे फटाके, मागे गाव. मारिंबा दारासमोर ठेवून त्यांनी वाजवायला सुरुवात केली ती चाल कुणी पूर्वी ऐकली नव्हती. मास्तर पुढे झाले. रीतीप्रमाणे त्यांनी उंबरठ्याबाहेर थांबून विचारलं, "चोर आलेत. ह्या घरात माफी आहे का?"

ह्यावर घरवाल्यांनी 'या' म्हणायचं असतं. पण हर्लिंदाबाईंचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या मास्तरांच्या हातांकडे बघत होत्या. बाळाच्या अंगात नवं पिवळं अंगडं होतं, आणि भोवती एक धुऊन धुऊन जाळी झालेला टॉवेल. कोपऱ्यात लाल दोऱ्याचा आकडा: एक.

"माझा टॉवेल," त्या म्हणाल्या.

"तुमचाच. परत आणायला तोंड नव्हतं," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "बाळासाठी धाडला होतात. पण बाई, बाळाला मी टोपीत ठेवलं, आणि टॉवेल मी पांघरला. फार थंडी होती हो. तीच काय ती खरी चोरी."

बाईंनी टॉवेलाचं टोक हातात घेतलं. "तुमच्यासाठीच पाठवला होता, मास्तर," त्या म्हणाल्या. "लाकडाच्या बाळाला कसली थंडी? त्या शिपायासमोर तसं म्हणवेना मला."

मास्तरांनी टोपी काढली. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "इतकी वर्षं देवाचं पांघरूण चोरलं म्हणून धास्तावून होतो."

"या आत," बाई म्हणाल्या. "सगळे या."

रात्री लोक पांगल्यावर हेनिंगसाहेबांनी तपासून पाहिलं, तर तीन ग्लास, एक पळी आणि चार नंबरच्या खोलीची ओंडक्यासकट किल्ली नाहीशी झाली होती. त्यांनी यादी करून बाईंकडे आणली. बाईंनी ती न वाचता चुलीत घातली आणि त्यांच्या ताटात आणखी एक तामाल वाढला.